मुलीचा खेळ आणि घरचा हिशेब

गेल्या पंधरवड्यातील गोष्ट. दिवस मावळला होता, दूधगंगेकडून गार वारा सुटला होता आणि आम्ही नुकतेच हातातील वर्तमानपत्र मिटून ठेवले होते. इतक्यात आमच्या आळीतील एक शेतकरी गृहस्थ ओसरीवर येऊन टेकले. सारे गाव त्यांस अण्णा म्हणते. आम्हीही येथे तेवढेच म्हणू. दोन एकर ऊस, दोन म्हशी, थोरला मुलगा इचलकरंजीस यंत्रमागावर आणि धाकटी मुलगी आठवीत, असा त्यांचा संसार. उसाचे बिल, पाऊसपाणी, म्हशीचे आजारपण असे सारे बोलून झाल्यावर त्यांनी मूळ गोष्टीस हात घातला.

“मास्तर, पोरगीचं नाव शाळेच्या हँडबॉलात निघालंय. जिल्ह्याला खेळून आली. तिचे पीटीचे सर म्हणत्यात, सरकारी खेळाच्या होस्टेलची निवड चाचणी हाय, फारम भरा. घरात दोन मतं झाल्यात. तिची आई हो म्हणती, म्हातारी नगं म्हणती. धाडू का नगं, तेवढं सांगा. आणि खरं सांगा, ह्या खेळावर पोट भरतंय का?”

चहा आला, चहा झाला, तरी आम्ही त्यांस उत्तर दिले नाही. आमच्या आयुष्यात अशा किती तरी मुली आम्ही पाहिल्या आहेत, की ज्या बाराव्या-तेराव्या वर्षी शाळेच्या मैदानावर वाऱ्यासारख्या धावत आणि दहावीच्या आत मैदानावरून अशा नाहीशा होत, की त्या कधी धावत होत्या हेही कोणास आठवू नये. “आता मोठी झाली” एवढ्या तीन शब्दांत त्यांचा खेळ संपे. अण्णांनी पोटाचा प्रश्न विचारला, याचा म्हणून आम्हांस राग आला नाही. मुलीचा खेळ म्हणजे केवळ पोरखेळ नसून ते काम होऊ शकते, हे मनात आल्यावाचून असा प्रश्न कोणी विचारीत नाही. मात्र मोघम उत्तर देणे बरे नव्हे, असे वाटून आम्ही त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जे वाचले, जे ताडून पाहिले, तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण असा प्रश्न एकट्या अण्णांच्याच घरी पडला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम हा खेळ कसा, ते सांगतो. पुष्कळ आईबापांनी तो पाहिलेलाही नसेल. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असे मैदान. दोन्ही बाजूंस सात-सात खेळाडू, त्यांत एक गोलरक्षक. दोन्ही टोकांस तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच असे गोल. चेंडू हाताने फेकावयाचा, झेलावयाचा, आपटीत न्यावयाचा. पण तो हाती धरून तीन पावलांहून अधिक धावावयाचे नाही आणि तीन सेकंदांहून अधिक काळ तो नुसता धरून ठेवावयाचा नाही. गोलापुढे सहा मीटरांवर एक कमान आखलेली असते; तिच्या आत गोलरक्षकाखेरीज कोणी पाऊल टाकावयाचे नाही. म्हणून मारणारी मुलगी त्या रेषेबाहेरून उंच उडी घेते आणि हवेत असतानाच चेंडू गोलात मारते. अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन डाव. धावणे, उडी, धक्काबुक्की, सारे त्यात आले. नाजूकपणाचे काम नव्हे. स्त्रियांच्या हँडबॉलच्या जागतिक स्पर्धा १९५७ पासून होतात आणि ऑलिंपिकमध्ये १९७६ साली माँट्रियल येथे स्त्रियांच्या या खेळास स्थान मिळाले.

आता पोटाचा प्रश्न. या खेळावर स्त्रिया पोट भरतात, नव्हे चांगला संसार करतात, असे देश युरोपात आहेत: डेन्मार्क, नॉर्वे, हंगेरी, रुमानिया, फ्रान्स. तेथे नगरानगरांचे संघ आहेत, खेळाडूंशी करार होतात आणि त्यांस पगार मिळतो. परंतु आमचे लक्ष वेधले ते हॉलंडने. हा देश लहान. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या वर थोडी. तेथे लोकांचे वेड म्हणजे फुटबॉल. हँडबॉलवर घरच्या घरी पोट भरेल अशी तेथेही सोय नाही, म्हणून तेथील उत्तम मुली विशीच्या आसपास घर सोडतात आणि परक्या देशी, परक्या भाषेत नोकरी धरावी तशी संघाची जागा धरतात. पापेनडाल नावाच्या ठिकाणी त्यांच्या राष्ट्रीय क्रीडाकेंद्रात हँडबॉलची शाळा आहे; तेथे शिक्षण आणि सराव ही दोन्ही सांभाळून त्या तयार होतात. अण्णांच्या मुलीस ज्या होस्टेलचा फॉर्म भरावयाचा आहे, त्याचेच हे मोठे भावंड म्हणा ना!

त्यांतील एस्तावाना पोलमन हिची हकीकत थोडक्यात सांगतो. जन्म १९९२ चा, गाव आर्नहेम. २०१३ साली ती डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरील एस्ब्येर्ग या बंदराच्या गावच्या संघात गेली आणि पुढे अनेक वर्षे तेथेच खेळली. २०१७ साली तिला कन्या झाली. आपल्याकडे येथेच गोष्ट संपली असती. ती मात्र परत मैदानावर आली. २०१९ च्या डिसेंबरात जपानमध्ये जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा डच संघाचा पहिलाच सामना स्लोव्हेनियाकडून हरला. त्या आधीच्या चार वर्षांत हा संघ एकदा जागतिक आणि एकदा युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचून दोन्ही वेळा नॉर्वेकडून हरला होता. रिओच्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला होता. आता पहिल्याच दिवशी हार. तरी तो सावरला, उपांत्य सामन्यात रशियास एका गोलाने हरवून पुढे गेला आणि १५ डिसेंबर रोजी कुमामोतो येथे स्पेनविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणांत सात मीटरांवरून मिळालेला फटका लोईस आबिंग हिने गोलात घातला. तीस विरुद्ध एकोणतीस. हॉलंड प्रथमच जगज्जेता झाला आणि सबंध स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून अडीच वर्षांच्या मुलीच्या या आईची, पोलमनची, निवड झाली. पुढच्याच वर्षी, २०२० साली, तिचा गुडघा गेला. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा महिनोन् महिने व्यायाम, पुन्हा मैदान. २०२२ साली ती रुमानियात बुखारेस्टच्या संघात दाखल झाली. गुडघ्याची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

हे सारे आम्ही अण्णांस सांगितले असते, तर ते हसून म्हणाले असते, “हॉलंड राहू द्या मास्तर, हिथलं बोला.” म्हणून आम्ही हिथले पाहू गेलो. आमच्या गावाहून नदी ओलांडली की शिरोळ तालुका लागतो आणि तेथून सांगली काही दूर नाही. आमची माणसे दवाखान्यास मिरज-सांगलीसच जातात. याच सांगलीत, माधवनगरात, एक मुलगी वाढली, की जी चेंडूफळीच्या खेळावर केवळ पोट भरते असे नव्हे, तर तिच्या हाताकडे सारे जग पाहते. तिचे नाव स्मृती मानधना. खेळ निराळा, पण हिशेब तोच.

स्मृतीचा जन्म १८ जुलै १९९६ रोजी मुंबईस झाला. ती दोन वर्षांची असताना हे मारवाडी कुटुंब सांगलीस येऊन राहिले. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण हे दोघेही जिल्ह्याच्या संघातून क्रिकेट खेळलेले. भाऊ सरावास जाई, त्याच्यामागे ही जाई. भावाचे नाव वर्तमानपत्रात छापून येई, ते पाहून आपलेही यावे असे तिला वाटू लागले. एरवी सारी कामे उजव्या हाताने करणारी ही मुलगी फळी मात्र डाव्या हाताची धरते. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात तिची निवड झाली. अकरा वर्षांची पोर अठरा वर्षांच्या मुलींबरोबर गावोगाव खेळावयास जाते, याचा अर्थ तिच्या घराने काय काय सोसले असेल, ते आईबापांनीच समजून घ्यावे. वडिलांनी तिच्या खेळाची व्यवस्था अंगावर घेतली. आई स्मिताबाईंनी खाणेपिणे, कपडेलत्ते सांभाळले. भाऊ मोठेपणीही जाळीत तिला गोलंदाजी करीत राहिला. सांगलीतच अनंत तांबवेकर यांनी तिला शिकविले. घरातील प्रत्येक माणसाकडे एक-एक काम आले, आणि एकाने घेतलेले काम मध्येच टाकून दिले असे झाले नाही.

ऑक्टोबर २०१३ मध्ये बडोद्यास गुजरातविरुद्ध एकोणीस वर्षांखालील सामन्यात तिने दीडशे चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एका दिवसाच्या सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. हाती होती ती राहुल द्रविड यांनी दिलेली फळी, जी भावाने तिच्यासाठी मागून आणली होती. त्याच वर्षाच्या एप्रिलात ती भारताच्या संघातून खेळूही लागली होती; वय सोळा. २०१६ साली ऑस्ट्रेलियाच्या ब्रिस्बेन संघाने तिला करारावर घेतले. ती आणि हरमनप्रीत कौर या दोघी त्या देशाच्या लीगमध्ये गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. विशीच्या आत-बाहेर असलेली मुलगी परक्या देशी संघाच्या नोकरीवर गेली, हे अगदी त्या डच मुलींसारखेच झाले. पुढे इंग्लंडमध्ये ‘वेस्टर्न स्टॉर्म’ आणि ‘सदर्न ब्रेव्ह’ या संघांतून, ऑस्ट्रेलियात होबार्ट आणि सिडनी येथील संघांतून ती खेळली.

ब्रिस्बेनच्या त्या पहिल्याच मोसमात, जानेवारी २०१७ मध्ये, क्षेत्ररक्षण करताना तिचा गुडघा गेला. पोलमनचा गेला तसाच. पाच महिने ती खेळापासून दूर. समोर इंग्लंडमधील विश्वचषक. ज्या मुलीने आठव्या-नवव्या वर्षापासून जाळीत घाम गाळला, तिने वीस वर्षांची असताना काठीच्या आधाराने चालावयास शिकावे, याचे दुःख काय असेल! त्या पाच महिन्यांविषयी वर्तमानपत्रांत फारसे छापून आले नाही. अशा दिवसांविषयी ते कधीच येत नाही. ती बरी होऊन थेट विश्वचषकातच उतरली आणि पहिल्या सामन्यात डर्बीस इंग्लंडविरुद्ध ९० व दुसऱ्यात टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. मग मात्र तिच्या धावा आटल्या. २३ जुलै रोजी लॉर्ड्सच्या मैदानावरील अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली आणि भारत केवळ नऊ धावांनी हरला. त्या दिवशी आमच्या ओसरीवर दूरचित्रवाणीपुढे बसलेली मंडळी न जेवताच उठली, हे आम्हांस आठवते.

पुढचे सारे येथे लिहू गेल्यास अंक पुरणार नाही. २०१८ साली आणि पुन्हा २०२१ साली ती जगातील वर्षाची सर्वोत्तम स्त्री क्रिकेटपटू ठरली. अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात गुलाबी चेंडूच्या कसोटीत तिने १२७ धावा केल्या. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी स्त्रियांच्या प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला, तेव्हा बंगळूरच्या संघाने तिला ३ कोटी ४० लाख रुपयांस घेतले आणि कर्णधार केले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली होती. लिलाव हा शब्द आम्हांस माणसाच्या बाबतीत आवडत नाही. गुळाचा आणि तंबाखूचा असतो तो लिलाव. पण तो शब्द बाजूस ठेवला तरी आकडा राहतोच. आणि त्या आकड्यासकट पहिल्या मोसमात काय झाले? आठ सामन्यांत तिच्या अवघ्या १४९ धावा, आणि संघ पहिले पाचही सामने हरला. जितका मोठा आकडा, तितकी मोठी टीका. दुसऱ्या वर्षी, १७ मार्च २०२४ रोजी, त्याच संघाने तिच्याच नेतृत्वाखाली दिल्लीस हरवून चषक जिंकला.

२०२५ च्या विश्वचषकातही तेच. भारत लागोपाठ तीन सामने हरला. तिसरा इंदूर येथे, इंग्लंडविरुद्ध, अवघ्या चार धावांनी. त्यात स्मृती ८८ धावांवर उंच फटका मारून बाद झाली आणि जिंकत आलेला सामना हातचा गेला. आपल्या त्या फटक्यापासून पडझड सुरू झाली, हा दोष तिने सर्वांपुढे आपल्याकडे घेतला. चारच दिवसांनी नव्या मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध तिने १०९ धावा केल्या. ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात आमच्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्सने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून संघास तारले, आणि २ नोव्हेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून भारतीय स्त्रियांनी प्रथमच विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात स्मृतीने ४५ धावा करून शेफाली वर्माबरोबर पहिल्या जोडीस १०४ धावा जोडल्या. सबंध स्पर्धेत तिच्या ४३४ धावा झाल्या. तिच्यापुढे एकटी आफ्रिकेची कर्णधार.

वाचक म्हणतील, अण्णांचा प्रश्न राहिला कोठे? तेथेच येत आहोत. स्मृतीस आज जे मिळते, ते तिच्या आधीच्या स्त्रियांस मिळत नव्हते. २००५ साली भारताच्या मुली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यास एक हजार रुपये मिळाले, असे त्या संघाच्या कर्णधार मिताली राज यांनीच पुढे सांगितले आहे. त्या काळी रेल्वेच्या साध्या डब्यातून किटा सांभाळीत जावे आणि मिळेल त्या खोलीत सर्वांनी मिळून झोपावे, असा प्रवास असे. २००६ साली स्त्रियांची संघटना मुख्य क्रिकेट मंडळात विलीन झाली. आणि २०२२ च्या ऑक्टोबरात स्त्रीपुरुषांस सामन्याचे मानधन सारखे करण्याचा निर्णय झाला: कसोटीस पंधरा लाख, एकदिवसीय सामन्यास सहा लाख, वीस षटकांच्या सामन्यास तीन लाख. एक हजारापासून सहा लाखांपर्यंत यावयास सतरा वर्षे लागली. त्या सतरा वर्षांत ज्या खेळल्या, त्यांतील पुष्कळ जणींच्या हाती त्यातले काहीच आले नाही. तरी त्या खेळल्या नसत्या, तर माधवनगरच्या मुलीस खेळावयास संघ कोठून मिळाला असता?

हे क्रिकेटचे झाले. हँडबॉलचे तसे नाही, हे आम्ही अण्णांस स्पष्ट सांगितले. आपल्या देशात हँडबॉलमध्ये तो पैसा नाही. २०२३ साली जयपूर येथे पुरुषांची एक व्यावसायिक लीग झाली आणि तीत महाराष्ट्राच्या नावाचा संघ जिंकला. पण स्त्रियांस तीत स्थान नव्हते. मुली मात्र खेळत नाहीत असे नाही. मार्च २०२२ मध्ये कझाकस्तानातील अल्माटी येथे भारताच्या तरुण मुलींनी आशियाई ज्युनियर हँडबॉल स्पर्धा प्रथमच जिंकली. अंतिम सामन्यात थायलंडवर ४१ विरुद्ध १८ असा विजय. किती वर्तमानपत्रांत तो पहिल्या पानावर आला? आम्ही तरी त्या वेळी वाचला नाही, आणि आज शोधून वाचावा लागला, याची आम्हांस शरम वाटते.

मग या मुलींचे पोट कशावर? बहुतांशी नोकरीवर. रेल्वे, पोलीस, निमलष्करी दले यांत खेळाडूंसाठी जागा असतात आणि राज्य व देश पातळीवर खेळलेल्या मुलीस त्या मिळू शकतात. मिळतातच असे मात्र नाही. जागा थोड्या, उमेदवार फार. तेव्हा हँडबॉल खेळेल आणि कोटी आणील, असे जो कोणी सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण हँडबॉल खेळेल, शिकेल आणि खाकी वर्दीत किंवा रेल्वेत आपल्या पायांवर उभी राहील, असे होऊ शकते. अण्णांच्या थोरल्या मुलास यंत्रमागावर जे मिळते, त्याच्याशी ताडून पाहिले तर हा हिशेब काही वेडेपणाचा नाही.

होस्टेलच्या बाबतीतही जवळचे उदाहरण आहे. बेळगावाजवळील तुरमुरी हे आपल्यासारखेच शेतकऱ्यांचे गाव. तेथील मलप्रभा जाधव ही शेतकऱ्याची मुलगी बेळगावच्या सरकारी क्रीडा वसतिगृहात राहून ज्युडो शिकली आणि २०१८ साली जकार्ता येथील आशियाई खेळांत कुराश या कुस्तीसारख्या प्रकारात, ५२ किलो वजनी गटात, तिने कांस्यपदक मिळविले. म्हणजे तुरमुरीहून जकार्तास वाट आहे. आणि ती होस्टेलमधून गेली.

आता गुडघा. या गोष्टीवर आम्ही जरा अधिक बोलणार आहोत, कारण मुलीस पाठवावे की नाही यावर घरोघर खल होतो, पण तिच्या गुडघ्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी यांस एकमेकांशी बांधून ठेवणारा एक चिवट अस्थिबंध असतो. डॉक्टर त्यास एसीएल म्हणतात. धावता धावता एकदम वळले, किंवा उडी मारून एका पायावर वाकडे उतरले, की तो तुटतो. दुसऱ्या कोणाचा धक्काही लागावा लागत नाही. असल्या खेळांत मुलींचा हा अस्थिबंध मुलांपेक्षा अधिक वेळा तुटतो, हे अनेक देशांतील डॉक्टरांनी पाहिले आहे. आणि हँडबॉल तर वळणे आणि उड्या यांचाच खेळ. तुटल्यावर शस्त्रक्रिया, मग सहा महिने ते वर्षभर व्यायाम. स्मृतीस आणि पोलमनला डॉक्टर, व्यायामशिक्षक, पैसा, सर्व काही मिळाले. सदलग्याच्या मुलीस हळदीचा लेप मिळेल आणि “बसून राहा” असा सल्ला मिळेल.

पण यावर उपाय आहे आणि त्यास पैसा लागत नाही. हँडबॉल जेथे घरोघर खेळतात, त्या नॉर्वे देशात पंधरा ते सतरा वर्षांच्या शेकडो खेळाडूंवर एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या संघांनी सरावाच्या आरंभी पंधरा-वीस मिनिटे विशिष्ट व्यायाम करावयाचा: हळूहळू धावणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांड्यांचे स्नायू बळकट करणे, आणि मुख्य म्हणजे उडी मारून खाली येताना गुडघा आत न झुकू देता, वाकवून, पावलांच्या रेषेत ठेवून उतरण्याची सवय. निम्म्या संघांनी नेहमीप्रमाणेच खेळावयाचे. मोसमाच्या अखेरीस पाहिले तो व्यायाम करणाऱ्यांच्या गुडघ्याच्या व घोट्याच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आलेल्या. पंधरा-वीस मिनिटे! आमच्या शाळांतून पीटीच्या तासास मुलांस मैदानावर सोडून देऊन शिक्षक हजेरीपट भरीत बसतात, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सर्वच शिक्षक तसे नाहीत. अण्णांच्या मुलीचे सर तसे असते, तर हा फॉर्म अण्णांच्या घरी आलाच नसता. अशा शिक्षकांनी हा व्यायाम जाणून घ्यावा आणि आईबापांनी तो चालतो की नाही, हे एकदा मैदानावर जाऊन पाहावे.

आठ दिवसांनी अण्णा आले, तेव्हा एकटे आले नाहीत. वहिनीही बरोबर होत्या, उंबऱ्याशी बसल्या. आम्ही वर लिहिले ते सारे साध्या बोलीत सांगितले. आणि आमचे मत विचारले म्हणून तेही सांगितले: मुलीस निवड चाचणीस पाठवावे. निवड झाल्यास होस्टेलमध्ये घालावे, पण तत्पूर्वी अण्णांनी आणि वहिनींनी दोघांनी मिळून ते होस्टेल पाहून यावे. रात्री मुलींजवळ कोण बाई राहते, शाळा किती दूर आहे, दहावीच्या वर्षी अभ्यासास वेळ मिळतो का, मुलगी पडली-झडली तर कोणत्या दवाखान्यात नेतात आणि खर्च कोण करतो, हे विचारावे, आणि उत्तर देणाऱ्याचा चेहराही पाहावा. दहावीचे वर्ष बुडू द्यावयाचे नाही. आणि समजा, दोन वर्षांनी मुलगी थकली, किंवा गुडघा गेला, किंवा निवडच झाली नाही, तर तिला “पैसे बुडविलेस” असे कोणी म्हणावयाचे नाही, आजीनेही नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड, असे आम्हांस वाटते.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “नोकरीचं काय खरं नव्हं, असं तुमीच म्हणताय.”

“खरं नव्हेच,” आम्ही म्हटले. “पण उसाच्या दराचं तरी काय खरं आहे?”

यावर ते हसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या, आता पदर सावरून म्हणाल्या, “मास्तर, मी शाळंत असताना खो-खो खेळायची. माझं नाव तालुक्याला निघालं हुतं.” पुढे काय झाले, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. अण्णांनी एकदम त्यांच्याकडे पाहिले. हे त्यांसही नवे होते, असे दिसले. लग्नास वीस वर्षे झाली आहेत.

फॉर्म कन्नडमध्ये होता. मुलगी मराठी शाळेची असली, तरी खेळणार ती कर्नाटकाकडून. त्यास इलाज नाही आणि त्यात वावगेही काही नाही. अण्णांस कन्नड बोलता येते, लिहिता येत नाही; म्हणून तो आम्ही भरून दिला. जन्मतारीख, उंची, वजन, मागील स्पर्धांचे दाखले. उंचीच्या रकान्याशी येऊन अडलो, कारण ती कोणासच नक्की ठाऊक नव्हती. तेव्हा वहिनींनी मुलीस घरून बोलावून आणले. ती आली ती अनवाणीच. तिला भिंतीशी उभे करून आम्ही पट्टीने खूण केली आणि मोजले. मग सहज विचारले, मैदानावर काय घालतेस? ती खाली पाहून म्हणाली, सरांच्या पुतणीचे बूट आहेत, ते घालते. एक माप मोठे होतात, म्हणून पुढे कापूस भरते.

अण्णांनी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली आणि इचलकरंजीची सकाळची पहिली बस किती वाजता असते, ते विचारले.